डोंगराआडची चतुर्थी

त्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याच्या बनियनी मी स्वयंपाकघरात वाळत घालत होते. करोल बागेतल्या आमच्या वरच्या मजल्याला चांगली ऐसपैस गच्ची होती, दोऱ्या बांधलेल्या होत्या, तरी मी स्टोव्हच्या वर सुतळी ताणून पायजमे आणि बनियनी तिथे टांगायची. मग फोडणीचा वास लागलेली बनियन घालून आमचे हे मागच्या खोलीत खिडकी लावून बसायचे. कारण लोकांच्या लेखी हे दिल्लीत नव्हतेच. हे हिमालयात होते, सोनं काढायला गेलेले.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. घरात आम्ही तिघं, हे, मी आणि सासूबाई. हे खाणींच्या सरकारी खात्यात इंजिनियर. खात्याने तिकडे वर, जिथे झाडसुद्धा उगवत नाही अशा उंचीवर, नदीकाठच्या जुन्या गोट्यांच्या थरातून सोनं काढून बघायचं ठरवलं होतं. काम अगदी छोटं. मूठभर माणसं, एक-दोन पंप, आणि वाळू धुवायला आतून गोणपाट लावलेल्या लाकडी पन्हळी. तिथे हे काम चालेल का, पाणी किती, जमीन कशी, रस्ता कसा, माणूस टिकेल का, हे सगळं बघून सुरुवात करून द्यायची आणि बर्फ पडायच्या आत खाली यायचं, एवढी यांची कामगिरी.

पण त्यात सोन्याचं नाव होतं ना. दिल्लीतली आपली माणसं आधीच एकमेकांच्या घरात काय शिजतंय याची खबर ठेवणारी, त्यात आमच्याकडे सोनं शिजणार म्हटल्यावर विचारता सोय नाही. बाजारात भेटेल ती बाई म्हणायची, काय बाई, आता सराफाकडे कशाला जाशील तू. निरोपाला घर भरलं होतं. ओवाळायला पाच जणी, पेढे, हार, काय काय. आमच्या बरोब्बर खाली राहणाऱ्या काकूंनी तर भर जूनमध्ये, लोकर हाताला चिकटत असताना, यांच्यासाठी निळा जाड स्वेटर विणून दिला. काकूंचे यजमान फार लवकर गेले होते. एकुलता मुलगा, बांधकाम खात्यात नुकता लागलेला, कामानिमित्त सदा बाहेरगावी. त्यामुळे त्यांचा जीव आमच्या जिन्यावर असायचा.

जायच्या आधी हे रोज रात्री जेवताना आम्हाला तिथली जागा समजावून सांगायचे. जमीन वीतभर खणली की खाली दगडासारखी गोठलेली. ऊन लागेल तेवढा थर सुटतो, तो खरवडून घ्यायचा आणि उद्याच्या उन्हाची वाट बघायची. सकाळी ओढ्याला करंगळीएवढं पाणी, आणि दुपारी वरचा बर्फ वितळला की तोच ओढा बांध फोडून धावतो. सोन्याची वाळू वर टेकाडावर, पाणी खाली खोलात. इथे दणादण चालणारा पंप तिथे दम्याच्या माणसासारखा धापा टाकतो, कारण हवाच पातळ. डाळ नुसत्या पातेल्यात शिजतच नाही. हे ऐकल्याबरोबर सासूबाईंनी आमचा कुकर यांच्या ट्रंकेत घातला. म्हणजे पुढचे काही महिने डाळ घोटायची कुणी? मी.

एवढं सगळं माहीत असलेला हा माणूस. पंपाला दम लागतो हे ठाऊक, मग तुमच्या छातीत काय लोखंड भरलंय?

झालं असं की सासूबाईंनी पंचांग काढलं. ज्या आठवड्यात हे पोचणार त्याच आठवड्यात अंगारकी. त्या म्हणाल्या, पहिली कुदळ अंगारकीला मार, गणपती यश देईल. आमच्या घरी संकष्टी म्हणजे संकष्टी. यांनी मुंजीपासून एकही मोडली नव्हती, याचा सासूबाईंना कोण अभिमान. आता तिकडचा नियम असा की विमानाने उतरलं की खालच्या गावात दोन दिवस नुसतं पडून राहायचं, शरीराला हवेची सवय होऊ द्यायची, मगच वर चढायचं. पण पडून राहिलं तर अंगारकी जाते. तेव्हा यांनी तब्येत ठणठणीत आहे असं सांगून दुसऱ्याच दिवशी पहाटे जीप काढायला लावली. पोटात काही नाही, पाण्याचा घोट नाही, कारण अंगारकी यांनी कडकडीत धरलेली. दुपारी टेकाडावर नारळ फोडला, कुदळ मारली, फोटोही काढला म्हणे.

रात्री उपास सोडायचा तर चंद्र दिसायला हवा. पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली, पण ती सपाट मुलखातल्या माणसांची वेळ. तिथे पूर्वेला हा एवढा डोंगर. वेळ झाली, चंद्र नाही. तासभर गेला, चंद्र नाही. तिथल्या मजुरांनी दोनदा येऊन सांगितलं, साब, अंदर चलो, खाना खा लो. साहेब कसले ऐकतात. बोचऱ्या वाऱ्यात, उपाशी, अर्घ्याची वाटी हातात धरून डोंगराकडे बघत उभे. वाटीतलं पाणी गोठलं, तरी माणूस आत जाईना. शेवटी चंद्र वर आला, यांनी हात जोडले आणि तिथेच खाली बसले ते उठलेच नाहीत. छातीत पाणी झालं होतं. उजाडताना त्याच जीपमधून खाली आणलं म्हणून वाचले. काकूंचा स्वेटर ट्रंकेत तसाच राहिला, कारण उपासाच्या दिवशी हे सोवळ्यातली शाल पांघरून होते.

खाली इस्पितळात थोडे दिवस काढून हे दिल्लीला परत आले. भर दुपारी टॅक्सी आली तेव्हा गल्ली झोपलेली होती. जिन्यावर पावलं वाजली तशी काकूंनी खालून विचारलं, कोण आलं गं? मी सांगायला तोंड उघडलं तोच सासूबाई वरून म्हणाल्या, ऑफिसचा चपराशी आलाय, सामान ठेवायला. झालं. एकदा चपराशी म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नवरा कुठून काढणार?

सासूबाई आत येऊन पदरात तोंड घालून रडल्या. म्हणाल्या, एवढा गाजावाजा करून पाठवला आणि आठवड्यात परत? लोक काय म्हणतील? अंगारकी माझ्यामुळे धरली, मलाच फाडून खातील. हे तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला त्या दोघांचाही संताप आला होता. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा लाज जास्त होती. ज्या माणसाने शेजारच्या बायकांना ग्रहणात भाजी चिरली तर काही होत नाही म्हणून भाषणं दिली, तो माणूस चंद्राची वाट बघून मरायला टेकला, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? यांचं ऑफिस लांब, तिथे आपल्याकडचं कुणी नाही, तिथे छातीचा आजार म्हणून रजा मंजूर झालेली. थोडं बरं वाटलं की आत्ताच आलो म्हणून जाहीर करू, असं ठरलं. आणि ते थोडं बरं काही लवकर वाटेना.

मग सुरू झाले ते दिवस. दिल्लीचा तो चिकट उकाडा, कूलर लावला तर अंग आणखी ओलं होणार, आणि यांची खिडकी बंद. हे गेल्यावर सासूबाईंनी दूध कमी केलेलं, ते वाढवायची सोय नाही, कारण दूधवाला खाली काकूंकडेही जायचा. तिघांत तेवढ्याच दुधाचा चहा. यांना खोकल्याची उबळ आली की हे उशीत तोंड खुपसायचे आणि मी उगाच भांडी आपटायची. एवढी भांडी मी आयुष्यात आपटली नाहीत.

आणि काकू रोज वर यायच्या. त्यांचा गुडघा दुखायचा, कठड्याला धरून एकेक पायरी चढायच्या, तरी रोज. बसल्या की एकच विषय, तिथलं हवापाणी. मला वाटायचं, बाई एकटी आहे, हिला दुसरा विरंगुळा नाही. पाणी मिळतं का गं? झोपायला काय आहे? थंडी केवढी? मी चहा टाकते म्हणून आत जायची, यांना विचारायची आणि बाहेर येऊन सांगायची. त्या बाबतीत हे उत्साही. मागच्या खोलीत चटईवर बसून, कुजबुजत, ओढ्याचं पाणी दुपारी कसं फुगतं, वारा दुपारनंतर कसा तंबू उपटतो, हे मला बैजवार सांगायचे. जागा यांनी एकच दुपार बघितलेली, पण बोलायला लागले की दोन वर्षं राहून आल्यासारखे.

फक्त एका प्रश्नावर यांचं तोंड मिटायचं. काकू दर वेळी जाता जाता विचारायच्या, आणि श्वासाचं काय गं? तिथे म्हणे श्वास पुरत नाही? मी आत बघायची, हे खाली बघायचे. मग सासूबाईच बाहेरून ठोकून द्यायच्या, छे हो, मस्त हवा आहे, बिल्कुल त्रास नाही, वजन वाढलंय म्हणे त्याचं. काकू म्हणायच्या, अच्छा. आणि उठायच्या.

सासूबाईंचंही काय चुकलं म्हणा. एकदा कुणी विचारलं तेव्हा त्यांनी पुढे जोडून दिलं, अंगारकी केली ना तिथे, म्हणून सगळं सुरळीत चाललंय. हे वाक्य पंधरा दिवसांत सगळ्या बायकांत फिरलं. मला दोन ठिकाणी परत ऐकायला मिळालं, आणि दोन्ही वेळा मी हो हो म्हणून मान हलवली.

पुढची संकष्टी जवळ आली होती. एके दिवशी सकाळीच काकू वर आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. बसल्या नाहीत. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, मागच्या खोलीच्या पडद्यासमोर, आणि म्हणाल्या की मुलाची ऑर्डर आली. त्याच जागी शेड उभारायच्या कामावर त्याला पाठवताहेत. बरेच दिवस चाललं होतं, पण कागद हातात येईपर्यंत बोलू नये म्हणतात, नाट लागतो, म्हणून गप्प होते. काल रात्री घरी आलाय, उद्या पहाटे निघायचं. साहेबाला घाई आहे, थेट वरच न्यायचं म्हणतोय. संकष्टी तिथेच येणार, तर तोही उपास धरणार आहे, लहानपणापासून धरतो.

मी दाराला धरून उभी. सासूबाईंच्या हातातली सुपली तशीच थांबलेली. काकूंचा आवाज एरवी मऊ, पण त्या दिवशी त्या असं बोलल्या की खालच्या रस्त्यालाही ऐकू जावं.

"मला काळजी नाही. तुमचे हे आहेत ना वर, ते बघतील माझ्या पोराला. त्यांच्या भरवशावर पाठवतेय मी."

मी मनात म्हणत होते, या बाहेर. या हो. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, नका येऊ, आता आलात तर आपण संपलो. माणसाचं मन किती नीच असतं बघा. त्या बाईचा एकुलता मुलगा आणि मला पडलेली आमच्या अब्रूची.

पडदा हलला. हे बाहेर आले. चुरगळलेला पायजमा, हळदीचा डाग पडलेली बनियन, दाढी वाढलेली. काकूंच्या समोर येऊन उभे राहिले, पण बघत होते त्यांच्या पायांकडे.

"काकू, त्याला उपास धरू देऊ नका," हे म्हणाले. "आणि खालच्या गावात दोन दिवस पडून राहिल्याशिवाय वर चढू देऊ नका. कुणी काही म्हणो. भरपूर पाणी प्यायचं, जेवायचं. डोकं दुखलं, खोकला आला, की तिथे थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. मी यातलं काही केलं नाही."

आणि मग सगळं सांगितलं. नारळ, कुदळ, वाटीतलं गोठलेलं पाणी, सगळं. मधे दोनदा खोकले, या वेळी उशी नव्हती. मला वाटलं काकू हसतील, किंवा चिडतील, तुमच्या खोटेपणापायी माझं पोर गेलं असतं म्हणून आम्हाला चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं.

काकू खुर्ची ओढून बसल्या. गुडघ्यावर हात ठेवला.

"हेच ऐकायला रोज वर येत होते मी," त्या म्हणाल्या. "तुमची खोली माझ्या डोक्यावर आहे. कोण चालतंय, कोण खोकतंय, मला पहिल्या रात्रीच कळलं. म्हटलं, माणूस शरमलाय, स्वतःहून येईल. पण पोर उद्या निघालं."

कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. रोज ती बाई दुखऱ्या पायाने चढून येत होती, रोज तेच विचारत होती, श्वासाचं काय, श्वासाचं काय. आणि आम्ही तिला हवा मस्त आहे म्हणून चहा पाजत होतो. सासूबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. जमीन पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणत नाही.

त्याच संध्याकाळी काकूंचा मुलगा वर येऊन यांच्यासमोर बसला आणि यांनी त्याला तासभर सगळं समजावलं, दुपारच्या पाण्यापासून कुकरच्या शिटीपर्यंत. काकूंचा तो निळा स्वेटर यांनी ट्रंकेतून काढून त्याच्या हातात दिला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मुलगा सुखरूप परत आला, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण संकष्टीच्या रात्री ते आम्हाला कुठे माहीत होतं? तो खालच्या गावात थांबला की साहेबाच्या घाईपुढे मान तुकवून वर गेला, काही कळायला मार्ग नव्हता. त्याला उपास धरू नको म्हणून बजावलेलं, म्हणून त्याच्या वाटचा उपास काकूंनी धरला, तोही पाण्याशिवाय. सासूबाईंनी त्या दिवशी यांना उपासाचं विचारलं नाही. यांनी दोन्ही वेळा वरण-भात खाल्ला, बायको वाढेल तेवढा, गुपचूप. मुंजीनंतरची पहिली मोडलेली संकष्टी.

रात्री आम्ही सगळे गच्चीवर होतो. ढगातून चंद्र निघाला, सासूबाईंनी आणि मी अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला. काकूंनी हात जोडले नाहीत. कठड्याशी उभ्या राहून त्यांनी यांना विचारलं, तिथे दिसला असेल का हो आत्ता?

हे म्हणाले, नाही, अजून डोंगराआड असेल.

मग मी थांबते, म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, चंद्र तर एकच आहे, निघाला की, तोंडात काहीतरी घाला. त्या हलल्या नाहीत. हेही हलले नाहीत. काकू मधूनच विचारायच्या, आता? आणि हे आकाशाकडे न बघता, नुसता अंदाज घेऊन सांगायचे, अजून नाही. आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसं जेवून झोपायला गेली. अख्ख्या दिल्लीत त्या डोंगराची उंची ठाऊक असलेला एवढा एकच माणूस काकूंजवळ होता, आणि त्याला ती कशी कळली होती हे तिघींनाही माहीत होतं.

शेवटी हे म्हणाले, काकू, आता आला असेल वर.

काकूंनी हात जोडले. हे खाली गेले आणि मी उठायच्या आत यांनी स्वतः पान मांडलं. माझ्या नवऱ्याने तोवर घरात कधी कुणाला वाढलेलं मी बघितलं नव्हतं. त्या रात्री यांनी काकूंना भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं, मोदक वाढला. पुरे म्हणायला काकूंनी हात आडवा धरला तो यांना दिसला नाही, कारण मान वर करून यांनी काही वाढलंच नाही.